आवडीचा गुडघा

आवडी पडली तेव्हा तिला कुणीच हात लावला नव्हता. ही गोष्ट एकट्या आवडीला माहीत होती, आणि पुढचा दीड महिना तिनं ती कुणाला सांगितली नाही.

सत्त्याहत्तर सालचा जानेवारी. भात झोडून झालं होतं, शेतं मोकळी पडली होती आणि साऱ्या कुलाबा जिल्ह्यात कबड्डीला ऊत आला होता. कर्जतच्या मैदानात खालापूर विरुद्ध कर्जत असा मुलींचा सामना लागला. खालापूरची भिस्त आवडीवर. सावरोलीची ही एकोणीस वर्षांची पोर उंच होती, काटक होती, आणि तिचा दम असा की समोरच्या पोरी ऐकून ऐकून दमायच्या. आपल्याला पकडणारी अजून जन्माला यायचीय, असं ती सांगायची. विचारलं नाही तरी सांगायची.

कर्जतच्या उजव्या कोपऱ्यात कोंडी उभी होती. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथली. अंगानं बुटकी, बोलायला कमी. तिनं एकदा घोटा धरला की पंचांनी शिट्टी वाजवल्याशिवाय सुटत नसे.

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि गुण बरोबरीत होते. आवडी दम घेऊन आत शिरली. तिनं डावीकडे हूल दिली, कोंडीनं झेप घेतली, तशी आवडी डावा पाय रोवून उजवीकडे गर्रकन वळली. अंग वळलं, पाऊल मात्र जागच्या जागी राहिलं. गुडघ्यात सुकी काटकी मोडावी तसा ‘कट्’ आवाज झाला आणि ती खाली बसली. कोंडीचे हात तिच्या घोट्याला लागले ते त्यानंतर. मागून आणखी तिघी येऊन पडल्या. लोकांना दिसला तो हा ढीग.

खालापूरच्या मुलींना शिकवणारे गजा मास्तर धावत आले. त्यांनी आवडीला उचलून टेंपोत घातलं. वाटेत पोरींनी विचारलं, “त्या कोपऱ्यातलीनंच पाडलं ना गं?”

आवडी म्हणाली, “हां.”

एवढंच. दुखत तर होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. पकडणारी जन्माला यायचीय म्हणणारी पोरगी मोकळ्या जागेत आपली आपण कोसळली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिच्या त्या एका ‘हां’ला वाटेत पाय फुटले. चौकात टेंपो थांबला तोवर कोंडीनं आवडीचा पाय पिरगाळला होता. खोपोलीच्या बाजारात कोंडी तिच्या गुडघ्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी सावरोलीत पाणवठ्यावर बायका सांगत होत्या, की कर्जतवाल्यांनी ती पोरगी पाय मोडायलाच ठेवलीय.

गुडघा नारळाएवढा सुजला. आवडीची आई येसूबाई, तिनं आंबेहळद उगाळून लावली आणि कर्जतच्या नावानं बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी सखा वैद्याला बोलावलं. हाड बसवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यानं गुडघा चाचपला, हळूच हलवून पाहिला आणि पाय खाली ठेवला.

“हाड शाबूत हाय,” तो म्हणाला. “पर आत दोरी असती, तिला कायतरी झालंय. ते माज्या हातातलं काम नाय, येसूबाई. डाक्टरला दावा.”

येसूबाईनं मान डोलावली आणि आणखी आठ दिवस आंबेहळदच लावली.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, दारात एक ठेंगणी पोरगी येऊन उभी राहिली. हातात बाटली, तिच्या तोंडाला पानाचा बोळा.

“आवडी हितंच ऱ्हाते का?”

“हितंच. ये की,” येसूबाई म्हणाली. “मैत्रीण का तिची?” तिनं पोरीला बसायला पाट दिला, चहा टाकला, कुठून आलीस, कशी आलीस विचारलं. पोरगी कोंडाण्याहून कर्जतपर्यंत चालत आली होती, तिथून खोपोलीची गाडी आणि पुढं परत चालत. येसूबाईला कौतुक वाटलं.

“नाव काय गं तुजं?”

“कोंडी.”

येसूबाईचा हात थांबला. कोंडीचा कप अर्धा पिऊन झाला होता. तो काढून घ्यावा की राहू द्यावा, हे तिला ठरवता येईना.

“माज्या आयनं मध दिलाय,” कोंडी खाली बघत म्हणाली. “लोक बोलतात मी पाय मोडला. मला तसं काय आठवत नाय. पर सगळीच बोलतात म्हंजे झालं असंल. आय बोलली, जाऊन ये.”

कोपऱ्यात पाय लांब करून बसलेल्या आवडीनं सगळं ऐकलं. बोलायची हीच वेळ होती. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “मध कसला हाय?”

“आग्या माशीचा.”

तेवढ्यावर विषय संपला. पण कोंडीला नुसतं बसवेना. हंडा रिकामा दिसला तशी तिनं तो उचलला आणि विचारत विचारत पाणवठा गाठला. तिथं बायकांनी विचारलं, “कुनाची गं तू?” ती म्हणाली, “मी पाय मोडला ती.” तिनं चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला येसूबाईनं तिला जेवायला वाढलं.

मग दर रविवारी कोंडी येऊ लागली. पाणी भरायची, वालाच्या शेंगा सोलायची, आवडीला हाताला धरून परसात फिरवायची. सूज ओसरली होती, पण आवडी वळायला गेली की गुडघा आतल्या आत सरकायचा. एकदा शेंगा सोलता सोलता आवडीनं विचारलं, “तुमच्या सरावाचं काय? रविवारी असतो ना?”

“मी खेळत नाय आता.”

“का?”

“हात पुढं होत नाय. कुनी चढाईला आली, का वाटतं धरला तर हिचा पन मोडंल. आमच्या शिकवनाऱ्या बाई बोलल्या, तू बाहेर बसून गुण मांड.”

आवडीच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. येसूबाईला वाटलं, पाय दुखत असेल.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा गजा मास्तर बातमी घेऊन आले. रसायनीला एका कारखान्याच्या दवाखान्यात रविवारी सकाळी पनवेलहून हाडांच्या डॉक्टर यायच्या. गुप्तेबाई त्यांचं नाव. बाहेरच्या माणसांनाही त्या तपासत. येसूबाईचा वाल काढायला आला होता, तिला हलता येईना. “मी नेते तिला,” कोंडी म्हणाली आणि नेलं. दोन एस्ट्या बदलून, चढता-उतरताना खांदा देऊन.

गुप्तेबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी आवडीला खाटेवर निजवलं, गुडघा दुमडून पाऊल टेकवायला लावलं, त्या पावलावर सरळ बसल्या आणि दोन्ही हातांनी नडगी पुढं ओढली. मग दुसऱ्या पायाचं तसंच केलं.

“गुडघ्याच्या मधोमध एक दोरी असते,” त्या म्हणाल्या. “नडगीला पुढं सरकू देत नाही. तुझी ती अर्धी तुटलीय, अर्धी धरून आहे. नशीबवान आहेस. आता मला सांग, हे झालं कसं?”

“पकडलं,” आवडी म्हणाली.

“कुणी?”

कोंडी भिंतीपाशी उभी होती, ती म्हणाली, “मी.”

गुप्तेबाईंनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. “वर्षभरात माझ्याकडे आलेली तू पाचवी मुलगी. दोघी खो-खोतल्या, तिघी कबड्डीतल्या. प्रत्येक जण सांगते, कुणीतरी पाडलं. माझा काही विश्वास बसत नाही. बाहेरून धक्का लागला तर गुडघा बहुतेक वेळा बाजूनं दुखावतो, तिथली दोरी सैल पडते. तुझं तसं काहीच नाही. तू खरं सांगितलंस तर मला पुढच्या पोरींना काही सांगता येईल. खोटं सांगितलंस तर सहावी येईल, सातवी येईल. लावला होता का कुणी हात?”

पंखा फिरत होता. आवडीनं छताकडे पाहिलं.

“नाय,” ती म्हणाली. “मी वळले. पाय तसाच राह्यला आनि कट् झालं. तिचा हात नंतर लागला. खाली बसल्यावर.”

गुप्तेबाईंना या दोघींमधलं काही ठाऊक नव्हतं. त्या खूश झाल्या. “पाय सरळ होता ना? ताठ? आणि गुडघा आतल्या बाजूला झुकला असेल. मला वाटलंच.” त्यांनी कोंडीला बोलावलं. “तू गं. या स्टुलावर चढ आणि उडी मार.”

कोंडीच्या डोळ्यांत जाळ होता, पण डॉक्टरांचा शब्द. ती चढली, उडी मारली. खाली उतरली तेव्हा फरशीवर मांजर उतरल्याइतकाही आवाज झाला नाही. दोन्ही गुडघे वाकलेले, सरळ पावलांच्या रेषेत.

“कुणी शिकवलं?”

“कुनी नाय. डोक्यावर मोळी असली का उतारावर आदळून चालत नाय. मान मोडंल.”

“हे बघ,” गुप्तेबाई आवडीला म्हणाल्या. “असं उतरायचं. असं वळायचं. गुडघा वाकलेला हवा, पावलाच्या वर हवा, आत पडता कामा नये. मुलग्यांना झाडावरून उड्या मारून हे थोडंफार तरी येतं. तुम्हाला लहानपणापासून सांगतात, नीट बस, उड्या मारू नकोस. आणि एक दिवस एकदम मैदानात उभं करतात.” मग त्यांनी कागदावर व्यायाम लिहून दिले. आधी मांडीत ताकद, मग तोल, मग उड्या, सगळ्यात शेवटी पळणं. “दहा महिने. त्याआधी मैदानात दिसलीस तर माझ्याकडे येऊ नकोस.”

दवाखान्यातून दोघी थांब्यापर्यंत चालत आल्या. तिथं कोंडी फुटली.

“चार रविवार पानी वाह्यलं मी! पाच झालं आजचा धरून! माज्या आयनं त्या मधापायी माश्या अंगावर घेतल्या. तिचा डोळा तीन दिवस उघडत नव्हता. आनि तू बोलतीस मध कसला हाय?”

“कोंडे, ऐक गं—”

“नाय ऐकनार.” तेवढ्यात एस्टी आली. कोंडीनं आवडीला दंडाला धरून वर चढवलं, बसायला जागा करून दिली, कागद तिच्या हातात कोंबला. “तुला घरी पोचवते. मंग तुजं तोंड बघनार नाय.”

पोचवलं, आणि उंबरठ्याच्या आत पाऊलही न टाकता गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. दुपारी आवडीनं आईला सगळं सांगितलं. येसूबाई वाल पाखडत होती, ती पाखडत राहिली. सूप खाली ठेवल्यावर म्हणाली, “मध उरलाय का गं?”

“थोडा हाय.”

“त्याला हात लावू नको. तो खायचं तोंड नाय आपलं.” मग म्हणाली, “उद्या कर्जतला जा. मी येते संगं.”

“वाल?”

“वाल कुठं पळून नाय जात.”

गजा मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी आडकाठी केली. “आता कशाला उकरतेस? लोक विसरले ते.”

“कोंडी विसरली नाय,” आवडी म्हणाली.

कर्जतच्या मुलींचा सराव संध्याकाळी असे. त्यांच्या बाई, चंद्राबाई, शाळेत शिकवायच्या आणि शाळा सुटली की मैदानात उभ्या राहायच्या. काठी टेकत आवडी आणि मागून येसूबाई मैदानात शिरल्या, तसा सराव थांबला. रेषेबाहेर कोंडी पाटी घेऊन बसली होती. तिनं मान वळवली.

आवडीला वाटलं होतं, एक-दोन वाक्यांत होऊन जाईल. पण इतक्या जणी बघायला लागल्यावर तिला तुकड्या-तुकड्यानं बोलावं लागलं. “कोंडीनं मला पाडलं नाय,” ती म्हणाली. “मी माजी पडले. लाज वाटली म्हनून बोलले नाय. चूक माजी हाय.”

कोंडीनं पाटी खाली ठेवली, उठून जवळ आली.

“परत बोल.”

“काय?”

“तेच. मी पाडलं नाय ते.”

“तू पाडलं नाय.”

“जोरात.”

“तू पाडलं नाय!” आवडी ओरडली. पलीकडं रस्त्यानं चाललेला सायकलवाला थांबून बघायला लागला. कोंडीचं तोंड अजून घट्ट मिटलेलं होतं, पण गाल हलला. कर्जतची एक पोरगी फिदकन हसली, मग सगळ्याच हसल्या.

चंद्राबाईंनी मात्र लगेच कामाचं विचारलं. “मग गुडघा गेला कसा?” आवडीनं गुप्तेबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. चंद्राबाईंनी दोन मुलींना ओट्यावरून उड्या मारायला लावल्या. दोघींचे गुडघे एकमेकांवर आपटायला आले. चंद्राबाई म्हणाल्या, “अरे देवा,” आणि त्या दिवशी पकडीचा सराव झालाच नाही. कोंडी उडी मारून दाखवत होती आणि बारा जणी तिच्या मागे धपाधप पडत होत्या.

आवडीचे दहा महिने असे गेले. पहिले दोन महिने नुसती मांडी आवळायची आणि सोडायची, गुडघ्याखाली दुपट्याची गुंडाळी ठेवून. मग पावलाला भाताची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. पिशवी अर्ध्या शेरापासून सुरू झाली. येसूबाईला गुप्तेबाईंचा कागद वाचता येत नव्हता, पण मोजण्याचं काम तिनं कुणाला दिलं नाही. एका सुपातून वालाचा एकेक दाणा दुसऱ्या सुपात टाकायची. मधेच शेजारीण बोलायला आली की दाणे विसरायची आणि म्हणायची, “पयल्यापासून.” आवडी शेजारणींना दारातूनच परतवायला लागली.

एका पायावर उभं राहून भाकरी थापणं हा व्यायाम कागदात नव्हता, तो आवडीनं काढला. दोन भाकरी चुलीत गेल्या, मग जमलं.

मे महिन्यात कोंडी पुन्हा रविवारची यायला लागली. रुसवा गेला असं ती म्हणाली नाही. करवंदं घेऊन आली, एवढंच. “सराव लवकर संपला,” म्हणाली. आवडीनंही जास्त विचारलं नाही.

पावसाळ्यात उड्या ओटीवर व्हायच्या. शेजारच्या गौराबाईचं तान्हं त्या वेळी पाळण्यात निजलेलं असायचं. ते जागं झालं की उडी बाद, असा कोंडीनं नियम केला. पहिल्या आठवड्यात गौराबाईनं दोनदा येऊन शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः दारात बसून बघायला लागली, आणि “गुडगा आत गेला बग,” असं सांगायलाही लागली.

मधेच घोटाळा झाला. ऑगस्टात पाय अगदी बरा वाटत होता. म्हैस सुटून लावणीत शिरली आणि आवडी तिच्या मागं बांधावरून धावली. गुडघा पुन्हा सुजला. गुप्तेबाईंनी ऐकवायचं ते ऐकवलं आणि सगळा कागद पहिल्या ओळीपासून सुरू करायला सांगितला. त्या रात्री आवडी रडली. दुसऱ्या दिवशी येसूबाईनं अर्ध्या शेराची पिशवी काढून ठेवली.

गजा मास्तरांनीही हळूहळू आपल्या मुलींना सरावाआधी पंधरा मिनिटं उड्या, वळणं आणि मांड्यांचे व्यायाम लावले. “नाचाचा क्लास काढलाय,” अशी गावात थट्टा झाली. मास्तर म्हणाले, “असू दे. माझ्या पोरी टेंपोतून घरी जात नाहीत.” त्या हंगामात खालापूरची एकही मुलगी गुडघ्यानं बसली नाही. कर्जतची एक बसली, पण ती सायकलवरून पडून.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत पेणला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. गुप्तेबाईंनी आवडीला परवानगी दिली, पण चार चढायांच्या वर नाही, असं बजावून.

पहिल्या चढाईत तिला नुसती भीती वाटली. ती मध्यरेषेजवळून फिरली आणि परत आली. दुसऱ्या चढाईत तिनं एक गडी टिपला. तिसऱ्या चढाईत समोरच्या संघात कोंडी होती. आवडीनं डावीकडे हूल दिली, गुडघा वाकवला, वळली. वळण नीट झालं, पाय ठाम राहिला, आणि तेवढ्यात कोंडीनं घोटा धरला. आवडी मध्यरेषेपासून हातभर अंतरावर आडवी झाली. पंचांनी बाद दिलं.

कोंडी पटकन उठली. “दुखलं का गं?”

“नाय,” आवडी धापा टाकत म्हणाली. “सोड आता, शिट्टी झाली.”

चौथ्या चढाईत काही मिळालं नाही. संध्याकाळी नावं वाचली, त्यात कोंडीचं नाव होतं, आवडीचं नव्हतं. निवड समितीतले एक जण मास्तरांना म्हणाले, पोरगी सावध खेळते, पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी तिची निवड झाली आणि त्यानंतर तीन वर्षं ती जिल्ह्याकडून खेळली. पण हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

गजा मास्तर समजूत घालायला आले. “रडू नको हां, आवडे.”

“रडतंय कोन? भूक लागलीय मला,” ती म्हणाली. पण डोळे पुसले तिनं.

कोंडी कुठूनतरी कागदात भजी घेऊन आली आणि दोघी शाळेच्या पायरीवर खात बसल्या. कोंडीला आपली निवड झाली याचा आनंद लपवता येत नव्हता, आणि आवडी “लपवू नको, बरं दिसत नाय,” म्हणाली. सकाळी सामन्याआधी आवडीनं याच पायऱ्यांवरून वीस उड्या मारल्या होत्या. तेव्हा रोह्याच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. त्यांतलीच एक आता जरा अंतर ठेवून उभी होती. उंच होती, आवडीसारखीच.

“तुमी त्या उड्या मारत होत्या ना?” तिनं विचारलं. “माजा पन गुडगा कदी कदी सरकल्यावानी होतो. कुनाला बोलले नाय मी.”

आवडीनं हातातलं भजं कोंडीकडं दिलं, तेलकट बोटं परकराला पुसली आणि उठली.

“हितं ये,” ती म्हणाली. “एका पायावर उभी ऱ्हा बघू.”